समोरच्या चाकावरचं घरगुती लायनर पुन्हा पुन्हा का सुटतं

उजव्या पुढच्या चाकातून आवाज येतो. सकाळी साताऱ्याहून पुण्याला निघालं की वाढे फाटा मागे पडेपर्यंत सगळं शांत. आनेवाडीचा टोलनाका ओलांडून काटा ऐंशीच्या वर गेला की फडफड सुरू होते, पतंगाची शेपटी वाऱ्यात उडावी तशी. दुपारी परत येताना आवाज बदललेला असतो. आता फडफडीवर खर्र-खर्र चढलेली, चाकाच्या फेऱ्याबरोबर येणारी, आणि तीही दोन्ही बाजूंनी. घरी येऊन टॉर्च मारून बघावं तर मडगार्डच्या आत चाकाच्या कमानीला अस्तर म्हणून बसवलेल्या शीटवर, म्हणजे लायनरवर, टायरने घासून काढलेला चकचकीत पट्टा, दोन क्लिपा गायब आणि तिसरी एका पायावर उभी.

गेल्या पावसाळ्यापासून हे चार वेळा झालं. चारही वेळा मी तेच केलं जे आपण सगळे करतो: आणखी घट्ट आवळलं. पाचव्या वेळी जरा डोकं लावलं तेव्हा कळलं की आवळणं हाच निम्मा रोग होता. ज्यांनी स्वतःच्या हाताने पुढच्या चाकांच्या कमानीत काही बसवलंय, किंवा बसवायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे सगळं लिहून ठेवतोय.

आधी गाडी आणि तिच्यावर केलेला उद्योग. २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, १६५/८० चे १४ इंची टायर, पासिंग एमएच ११. मूळचं लायनर दहा वर्षांच्या चिखलाने कडक झालेलं होतं, आणि एका रात्री ट्रॉलीतून रस्त्यावर सांडलेल्या उसावरून गाडी गेली तेव्हा त्याचे उरलेसुरले तुकडे झाले. गळीत हंगामात आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला हे नवीन नाही. तयार लायनर मिळालं असतं. पण डोक्यात किडा होता की करायचंच तर हवेच्या दृष्टीने बरं काहीतरी करू.

तो किडा अगदीच निराधार नव्हता. साध्या प्रवासी गाडीला हवेचा जो एकूण अडथळा होतो, त्यातला साधारण चौथा हिस्सा चाकं आणि त्यांच्या कमानींमुळे होतो. गाडी नव्वदने जात असताना टायरचा रस्त्याला टेकलेला भाग क्षणभर स्थिर असतो आणि वरचा भाग रस्त्याच्या हिशोबाने ताशी १८० ने पुढे धावत असतो. म्हणजे कमानीच्या आत टायर हवेला गाडीच्याच दिशेने ओढत असतो, तर खालून येणारी हवा मागे जायला बघत असते. टायर जमिनीला जिथे दबतो तिथे समोरची हवा दोन्ही बाजूंना पिचकारीसारखी उडते. या सगळ्या गोंधळाला थोडी शिस्त लावायची तर दोन गोष्टी घरी करता येतात. कमानीची आतली बाजू गुळगुळीत करायची, आणि टायरच्या पुढे बंपरखाली एक छोटी आडवी पट्टी लावायची, म्हणजे हवा थेट टायरवर न आपटता बाजूने वळते. हिला डिफ्लेक्टर म्हणतात. बऱ्याच नव्या गाड्यांना ही पट्टी कारखान्यातूनच येते, आपलं लक्ष नसतं एवढंच. चाक पूर्ण झाकायची सोय मात्र पुढे नाही. १९९९ च्या होंडा इन्साइटने मागची चाकं झाकली आणि हवेच्या अडथळ्याचा गुणांक ०.२५ पर्यंत खाली आणला, पण तिनेही पुढची चाकं उघडीच ठेवली. पुढच्या चाकाला वळायचं असतं.

हे शेवटचं वाक्य मला नीट समजायला आठ महिने गेले.

साहित्य म्हणजे क्लासच्या जाहिराती आणि निवडणुकीचे फलक ज्याचे करतात ती पोकळ नळ्यांची ४ मिलीमीटरची शीट, दुकानात सनपॅक म्हणून मागतात ती. हलकी, कात्रीने कापता येते, पाण्याने कुजत नाही. ती पॉलिप्रोपिलिनची असते, हे नाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. पुठ्ठ्याचा नमुना कापला, त्यावरून शीट कापली, जुन्या भोकांत क्लिपा मारल्या. पहिल्या दिवशी इतकं देखणं दिसत होतं की शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

मग सुटायला लागलं. पहिल्यांदा क्लिपा बदलून मोठ्या मारल्या. दुसऱ्यांदा क्लिपांच्या जोडीला चिकटपट्टी आणि सिलिकॉन. तिसऱ्यांदा रिव्हेट. चौथ्यांदा रिव्हेट, त्याखाली वायसर, वर केबल टाय, आणि राग. त्या वेळी शीट सुटली नाही, फाटली, आणि फाटलेला तुकडा टायरमध्ये गुंडाळून गेला. नशीब की तेव्हा मी पोवई नाक्याजवळ वीसच्या वेगात होतो.

सिलिकॉनबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण ही चूक जवळजवळ प्रत्येकजण करतो. पॉलिप्रोपिलिनला काहीच धड चिकटत नाही. त्याच्या पृष्ठभागाचा गुणच तसा आहे, गोंद पसरतच नाही, कमळाच्या पानावरच्या थेंबासारखा बसून राहतो. सिलिकॉन, एपॉक्सीची माती, दोन मिनिटांत चिकटणारा गोंद, सगळं सुकल्यावर नखाने सोलून निघतं. पाण्याच्या टाक्या आणि कॅन ज्याचे असतात त्या प्लास्टिकचंही तेच. अशा शीटला भोक पाडून पकडणं हाच उपाय, गोंदावर एक रुपया घालवू नका.

चौथ्या वेळी गाडी ज्या गॅरेजात नेली तिथल्या मामांनी चाकाखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "काय ओ, हे गाडी हुभी असताना मापलंय का पळताना?"

"उभी असताना. पळताना कसं मापणार मामा?"

"मग ते हुभ्या गाडीलाच बसतंय. चाक काय फोटूला हुभं ऱ्हातंय व्हय?"

मी हसलो, पण घरी येऊन वही काढली. पुढचे पंधरा दिवस एकच नियम पाळला: शीटला हात लावायचा नाही, फक्त आवाज कधी येतो ते लिहायचं. वेग किती, ऊन की सकाळ, पाऊस पडून गेला का, स्टेअरिंग कुठे होतं, गाडीत माणसं किती, कुठली बाजू. पंधरा दिवसांनी वही वाचली तर एक आजार नव्हताच, चार वेगवेगळे होते, एकाच शीटवर बसलेले. तुमच्याकडेही पहिलं काम हेच करा. वेगाबरोबर येणारा आवाज हवेचा असतो. उन्हाबरोबर येणारा प्लास्टिकच्या फुगण्याचा. स्टेअरिंग कापताना किंवा गतिरोधकावर येणारा असेल तर जागा कमी पडतेय. आणि पावसानंतर दोन-तीन दिवसांनी सुरू होत असेल तर मागे चिखल साठलाय. या चारांना चार औषधं लागतात, आणि 'घट्ट करणे' त्यातल्या एकाचंही औषध नाही.

वेगाचा आवाज आधी घेतो, कारण तो सर्वांत लवकर सापडला आणि सर्वांत लाजिरवाणा होता. फडफड फक्त उजवीकडे होती. डाव्या बाजूला तीच शीट, त्याच क्लिपा, तरी ऐंशीला शांत. मग दोन बाजूंत फरक काय? बंपरसमोर उकिडवा बसलो तेव्हा दिसलं. उजवीकडच्या फॉग लॅम्पच्या जागेचं प्लास्टिकचं झाकण कधीतरी पडून गेलं होतं. गाडीच्या अगदी नाकावर हवा दाबून थांबते, तिथला दाब सगळ्यात जास्त. त्या भोकातून ती बंपरच्या आत शिरत होती आणि लायनरच्या मागून त्याला टायरकडे ढकलत होती. शिडात वारा भरावा तसं. साताऱ्याच्या उंचीवर, म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटरवर, ताशी ९० च्या वेगाला हा दाब साडेतीनशे पास्कलच्या आसपास येतो. ऐकायला काहीच नाही. पण ३० सेंटिमीटर लांब-रुंद तुकड्यावर तो सव्वातीन किलो वजन ठेवल्यासारखा आहे, आणि दाब वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे पन्नासच्या वेगाला तोच दाब तिसऱ्या हिश्शाहूनही कमी असतो. म्हणून शहरात कधीच आवाज नाही. झाकण आणून बसवलं, फडफड गेली. शीटला हातसुद्धा लावला नाही.

तर फडफडीचा आवाज असेल तर लायनरकडे बघायच्या आधी गाडीच्या नाकाकडे बघा. कुठलं झाकण गेलंय, नंबरप्लेटच्या मागे नवीन भोक पडलंय का, बंपर आणि लायनर जिथे भेटतात तिथे बोट शिरेल एवढी फट आहे का.

आता उन्हाचा आवाज. याने मला सर्वांत जास्त छळलं. सकाळी सात वाजता नाही, दुपारी तीनला हमखास. मी आधी टायरवर संशय घेतला, गरम होऊन फुगतो म्हणून. टायर एवढा फुगत नाही. फुगते ती शीट. पॉलिप्रोपिलिन लोखंडाच्या जवळजवळ दहापट प्रसरण पावतं. माझी शीट कमानीच्या गोलाईत ९० सेंटिमीटर होती. थंडीतल्या सकाळचे १५ अंश आणि दुपारी इंजिन, ब्रेक, तापलेला डांबर असं सगळं मिळून चाकाजवळचे ५५ अंश, या फरकाला ती चार मिलीमीटर वाढते.

चार मिलीमीटरने काय होतंय, असं मलाही वाटलं होतं. पण मी दोन्ही टोकं रिव्हेटने बांधली होती. वाढलेल्या लांबीला जायला जागा कुठे? मागे मडगार्डचा पत्रा, दोन्ही टोकांना रिव्हेट, मग फुगवटा येणार तो टायरकडेच. आणि फुगवट्याचा हिशोब फसवा असतो. २५ सेंटिमीटरच्या एका गाळ्यात नुसती एक मिलीमीटर जादा लांबी अडकली तर मधोमध जवळजवळ एक सेंटिमीटर फुगवटा येतो. चारही मिलीमीटर एकाच गाळ्यात जमले तर दोन सेंटिमीटर. जमिनीवर अंथरलेली सतरंजी दोन्हीकडून थोडी सरकवली की मध्ये कशी उभी राहते, तसंच.

गोठ्यावर किंवा गच्चीवर पॉलिकार्बोनेटचे पत्रे बसवणाऱ्या कारागिराला हे माहीत असतं. तो भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडतो आणि वर रुंद वायसर टाकतो, पत्रा वायसरखाली सरकत राहतो. मी तेच केलं. वरचं मधलं एक भोक नेमकं, बाकी सगळी ५ मिलीमीटरच्या स्क्रूला ९ मिलीमीटरची, त्यावर एक इंची रबरी वायसर, आणि स्क्रू इतकाच पिळायचा की शीट हाताने ढकलली तर सरकली पाहिजे. पहिल्यांदा असं ढिलं सोडताना हात धजत नाही. चार वेळा सुटलेली वस्तू पाचव्यांदा मुद्दाम ढिली ठेवायची! पण रिव्हेटच्या जागा ज्या फाटत होत्या त्या फाटायच्या थांबल्या.

याच्याच जोडीला माझी आणखी एक चूक निघाली. त्या शीटमधल्या नळ्या कुठल्या दिशेला आहेत याला फार महत्त्व आहे. नळ्यांच्या आडवं वाकवायला गेलं तर शीट अडून बसते, नळ्यांच्या रेषेवर मात्र सहज गुंडाळते. मी कापताना शीट वाचवायच्या नादात नळ्या कमानीच्या गोलाईबरोबर ठेवल्या होत्या. म्हणजे शीट रात्रंदिवस सरळ व्हायला बघत होती. दोन स्क्रूंच्या मध्ये ती गोलाई सोडून सरळ झाली की टायरच्या जवळ येते, आणि ३५ सेंटिमीटर त्रिज्येच्या कमानीत २५ सेंटिमीटरवर स्क्रू असतील तर यात सव्वादोन सेंटिमीटर जागा जाते. स्क्रू १२ सेंटिमीटरवर आणले तर नुकसान फक्त अर्ध्या सेंटिमीटरचं. म्हणून नळ्या गाडीच्या रुंदीच्या दिशेने, या चाकाकडून त्या चाकाकडे, आणि स्क्रू जवळजवळ. नळ्यांची उघडी टोकं आतल्या, म्हणजे इंजिनच्या बाजूला थोडी खाली झुकतील अशी ठेवा, नाहीतर त्यात पाणी साठतं आणि शीट वजनानेच लोंबते.

तिसरं, जागा कमी पडणं. मामांचं वाक्य इथलंच. उभ्या गाडीला टायर आणि लायनर यांत चार बोटं जागा दिसते आणि माणूस खूश होतो. पण चाक तीन प्रकारे हलतं: फिरतं, वळतं, आणि खड्ड्यात वर येतं. तिन्ही एकदम झाली तर काय, हे उभ्या गाडीत दिसत नाही. आमच्या शाहूपुरीतल्या गल्लीत वळताना स्टेअरिंग पूर्ण कापलेलं असतं आणि त्याच वेळी डावं चाक गटाराच्या झाकणावर चढतं. रोज दोनदा. तिथेच शीटचा पुढचा खालचा कोपरा घासत होता.

हे मोजायला मी कणकेचे गोळे वापरले. हसू नका. रात्रीच्या पोळ्यांसाठी मळलेल्या कणकेतून थोडी घट्ट कणीक मागून घेतली (काय करणार आहे ते आधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर मिळाली नसती), तीन-तीन सेंटिमीटर उंचीचे गोळे करून लायनरवर दहा ठिकाणी दाबून बसवले, पिठाचा हात फिरवून वरून कोरडे केले. मग गल्लीतून बाहेर, गतिरोधकावरून, मागे तिघांना आणि पुढे एकाला बसवून, दोन्हीकडे पूर्ण स्टेअरिंग कापत सावकाश फिरलो. परत येऊन बघितलं तर सात गोळे जसेच्या तसे, दोन चपटे, आणि एकाचा नुसता डाग. दहावा कुठे होता ते शेजारच्या कुत्र्याने चाटून दाखवलं. जिथे गोळा एक सेंटिमीटरच्या खाली दबला तिथली शीट कापून मागे घ्यायची किंवा पत्र्याच्या आणखी जवळ बसवायची. मुलांची खेळायची क्ले वापरलीत तर जास्त नीट चिकटते, पण कणीक घरात असते. गोळे लावताना चाक काढलं तर गाडी जॅकवर सोडून आत हात घालू नका, खाली स्टँड द्या. विटा म्हणजे स्टँड नव्हे.

जागा सोडताना टायरपुरतंच बघू नका. ब्रेकचा रबरी पाइप, ड्राइव्ह शाफ्टचं (चाकाला इंजिनाची ताकद देणाऱ्या दांड्याचं) रबरी बूट, आणि एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर चाकाकडे जाणारी बारीक वायर, या तिन्हींपासून शीटची कड निदान एक इंच लांब हवी. शीटची कापलेली कड सुरीसारखी असते. कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची चीर उभी कापून चढवली की काम होतं.

चिखलाचं कारण सापडायला मात्र थोसेघरहून एक पावसाळी फेरी व्हावी लागली. घरी आल्यावर उजव्या लायनरच्या मागून जवळजवळ घमेलंभर लाल चिखल निघाला. तो आत गेला कसा? मी शीट तीन तुकड्यांत केली होती आणि जोड देताना कौलांचा विचार केला होता: पुढचा तुकडा मागच्यावर, म्हणजे पुढून येणारा वारा जोडात शिरणार नाही. विचार बरोबर होता, दिशा चुकली. गाडीच्या पोटाखाली हवा पुढून मागे जाते, पण कमानीत चिखल टायर फेकतो, आणि टायरची मागची बाजू वर जात असते. चिखल मागून वर चढतो, माथ्यावरून पुढे येतो आणि पुढच्या बाजूने खाली उतरतो. म्हणजे कमानीच्या आत सगळं उलटं. माझे सगळे जोड त्या चिखलाला तोंड उघडून बसले होते. आता मागचा तुकडा टायरच्या बाजूला, त्याची कड मधल्यावर, मधल्याची कड पुढच्यावर. छपरावर वरचं कौल खालच्यावर असतं, त्याच न्यायाने, फक्त इथे पाऊस मागच्या चिखलफेकीतून सुरू होतो असं धरायचं. सर्वांत खाली, पुढच्या कोपऱ्यात, दोन बोटं रुंदीची निचऱ्याची भेग ठेवली. मिरज-तासगाव भागात काळ्या रानातून गाडी जाते त्यांनी ही भेग दुप्पट ठेवावी. ती माती ओली असताना चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते, मग शीटच काय, पत्राही वाकवेल.

डिफ्लेक्टरचं थोडक्यात. माझा पहिला होता १० सेंटिमीटर उंच, कडक प्लास्टिकचा, आणि तो लायनरच्याच दोन स्क्रूंवर टांगलेला. गावोगावचे गतिरोधक काय उंचीचे असतात ते तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक गतिरोधकाने डिफ्लेक्टर ओढला आणि त्याने लायनरचा खालचा कोपरा ओढला. चार वेळांपैकी दोन वेळा सुटण्याची सुरुवात इथूनच झाली असणार. आता ट्रकच्या मडफ्लॅपचं जाड रबर, बंपरच्या खाली साडेचार सेंटिमीटर, टायरच्या रुंदीपेक्षा किंचित कमी, आणि त्याचे स्क्रू स्वतंत्र, बंपरच्या खालच्या ओठात. आपटलं तर दुमडतं आणि परत येतं. उंच केल्याने जास्त फायदा होत नाही. एका मर्यादेनंतर ती पट्टीच नवा अडथळा होते, टायरपेक्षा वाईट.

शीट जागेवर टिकायला लागल्यावर मला आणखी बंद करायची हुक्की आली. कमानीच्या आतल्या बाजूला, सस्पेन्शनच्या आजूबाजूला ज्या मोठ्या फटी असतात त्याही झाकल्या. दोन दिवसांत रेडिएटरचा पंखा पूर्वीपेक्षा सारखा चालू होऊ लागला, आणि यवतेश्वरचा घाट उतरून शहरात येईपर्यंत ब्रेकचा वास. कारण सरळ आहे. रेडिएटरमधून आत आलेल्या गरम हवेला बाहेर पडायच्या ज्या वाटा असतात त्यांतली एक याच फटींतून जाते, आणि ब्रेकच्या डिस्कला गार हवाही तिथूनच मिळते. ब्रेक ऑइल जुनं होऊन पाणी प्यायलेलं असेल तर डॉट ३ प्रतीच्या ऑइलला १४० अंशांनंतर उकळायची मुभा आहे, नवं असताना हाच आकडा २०५ असतो. उकळलं की पेडल स्पंजसारखं खाली जातं, आणि घाटात ते जाऊन चालत नाही. फटी उघड्या केल्या. गुळगुळीतपणा फक्त टायरसमोरच्या गोलाईत ठेवा, आतली बाजू मोकळी सोडा. इथे माझ्याकडून तडजोड नाही.

सगळं करून फायदा किती? लोकरीचे बोटभर धागे दारावर आणि मडगार्डवर चिकटवून मित्राने शेजारच्या गाडीतून मोबाइलवर चित्रीकरण केलं. चाकामागे दाराच्या खालच्या भागात आधी जे धागे वेड्यासारखे गोल फिरत होते, ते आता बरेचसे मागे झोपतात. पावसात दारावर उडणारा चिखलही कमी झाला. गाडी न्यूट्रलला टाकून ८० वरून ६० वर यायला किती सेकंद लागतात तेही दोन्ही दिशांनी मोजलं, पण दर वेळी आकडा इतका हलतो की त्यातून मी छाती ठोकून काही सांगणार नाही. वारा पडलेला असेल अशी पहाट आणि सपाट रस्ता लागतो, आणि सातारा जिल्ह्यात दोन्ही एकत्र मिळणं अवघड. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगीच नाहीत उभ्या.

कागदावरचा हिशोब असा. हवेचा अडथळा तीन टक्क्यांनी कमी झाला असं उदार मनाने धरलं, तर महामार्गावर नव्वदच्या वेगाला इंधनात दोन टक्क्यांच्या आसपास फरक पडेल. वर्षाला बारा हजार किलोमीटर, सगळे महामार्गावर, लिटरला वीस किलोमीटर, म्हणजे सहाशे लिटरमागे बारा लिटर. टायरमध्ये हवा महिन्यातून दोनदा तपासली तर निम्मं यश फुकटात मिळतं. पेट्रोल वाचवायला म्हणून हे करू नका, हात शिवशिवतात म्हणून करा.

कायद्याचंही एक वाक्य, कारण कोणीतरी विचारणारच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितलं. माझी शीट कमानीच्या आत आहे, रबर बंपरच्या खाली आहे, गाडीची लांबी-रुंदी इंचभरही बदललेली नाही. मडगार्डचा पत्रा कापायचा, कमान रुंद करायची, असले विचार असतील तर मला धरू नका.

पाचव्यांदा बसवलेलं लायनर आता एक उन्हाळा आणि अर्धा पावसाळा टिकलंय. डाव्या बाजूला रिव्हर्समध्ये पूर्ण कापल्यावर अजून एकदा 'चर्र' होतं. कणकेचा गोळा तिथे दीड सेंटिमीटर उरतो, म्हणजे शीट नाही. बहुतेक रबराची कड आहे. दर दोन महिन्यांनी चाकाखाली डोकं घालून स्क्रू हाताने हलवून बघतो, आणि जो हलत नाही तो अर्धा फेरा सैल करतो.